सातासमुद्रापार धाडलेली तोंडं

क्वोक सामला कुणाला तोंडावर बोलणं कधी जमलं नाही. सगळा राग तो चांदीवर काढायचा. कँटनच्या गल्लीत बसून गोऱ्यांसाठी बिअरचे मग घडवायचे, दांडीला ड्रॅगन लावायचा, भोवती लढाई ठोकून उठवायची आणि त्या लढाईत जो शेपूट घालून पळत असेल, त्याला छळणाऱ्या माणसाचं तोंड द्यायचं. जहाज सुटलं की तोंड गेलं सातासमुद्रापार! वीस वर्षांत घरमालक गेला, दोन मेहुणे गेले, कुणाला पत्ता नाही.

यंदा पाळी आली चहाचे व्यापारी फुंगशेठ यांची. सामच्या लेकीचं, आ-लिनचं, त्यांच्या मुलाशी ठरत आलं होतं. पण शेठ चार महिने नुसतं 'बघू, बघू' करत होते. पोरगी झुरून अर्धी झाली. सामनं शेठना ढाल टाकून पळताना काढलं. गालावरचा मस आणि कापले तर नशीब जाईल म्हणून वाढवलेले त्यावरचे तीन केससुद्धा सोडले नाहीत.

आणि ज्या गोऱ्या कप्तानानं तो मग बनवून घेतला, त्या मेल्यानं निघताना तो फुंगशेठनाच भेट दिला!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ मग काखेत मारून दुकानात हजर. सामनं हातोडी खाली ठेवली. लेकीचं लग्न आपल्याच हातोडीनं मोडलं!

"हे तुम्ही केलंत?" शेठनी विचारलं.

"चूक झाली, शेठ..."

"चूक कसली? अहो, हुबेहूब आमचा थोरला भाऊ! तोच मस, तेच केस. आणि पळतोय म्हणजे तोच! मी घसा फोडून सांगतो, हा पळपुटा आहे, पण घरात ऐकतंय कोण?" हसून हसून शेठच्या डोळ्यांना पाणी आलं. "व्याही करावा तर असा पारखी माणूस. आठव्या महिन्यात बार उडवून टाकू!"

सामनं मनातल्या मनात वाडवडिलांना हात जोडले. जिवात जीव आला तसा तो ओरडला, "अगं, चहा आण!"

बायको आ-क्वाई चहा घेऊन आली. "बघू तरी, लेकीचं लग्न जमवणारा मग," म्हणत तिनं तो उचलला, कौतुकानं फिरवला आणि थांबली. पळणाऱ्या सरदाराच्या मागे एक बाई पळी उगारून धावत होती. तिचा पुढचा एक दात पडलेला होता.

आ-क्वाईचाही पडलेला होता.

"ही कोण हो?"

सामनं घाम पुसला. शेठचा थोरला भाऊ आठवला. "ही? ही... तुझी बहीण."

"मला बहीण नाही," आ-क्वाई म्हणाली आणि पळी आणायला आत गेली.