बारा पौंडांचं खोकं

माझ्या नवऱ्याला बिअरमधलं सगळं कळतं. हे तो स्वतःच सांगतो, म्हणून मला माहीत. आमच्या बिअर अदलाबदलीच्या गटात कुणी नवखा आला आणि त्याने विचारलं की ही बाटली किती थंड करू, किती वर्षं ठेवू, की डर्क लगेच गुरुजी होतो. "जड, काळी बिअर फ्रीझरमध्ये कोंबणाऱ्याच्या हातात बाटलीच देऊ नये," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या अठराच्या अठरा जणांना ते पाठ आहे.

हे अठरा जण कुणी ओहायोत, कुणी विस्कॉन्सिनमध्ये, आणि आम्ही दोघं मिशिगनमध्ये. दर जानेवारीत मी डर्कच्या शिकारीच्या टोपीतून चिठ्ठ्या काढते, तेही कॅमेऱ्यासमोर. ज्याला जे नाव येईल, त्याने त्या माणसाला सहा बाटल्यांचं खोकं पाठवायचं. त्यातली निदान एक तरी दुकानात न मिळणारी हवी. सरकारी टपाल बिअर नेत नाही, म्हणून खासगी कुरियर; आणि काउंटरवरच्या बाईने विचारलं तर आत लोणचं आहे म्हणायचं. बाटल्यांची यादी आधी माझ्याकडे येते. बाटली कमी निघाली तर पाठवणाऱ्याने तीन दिवसांत खुलासा करायचा, नाहीतर त्याचं नाव फसव्यांच्या यादीत जातं. एकदा त्या यादीत गेलेल्या माणसाशी आमचाच काय, देशातला कुठलाच गट देवाणघेवाण करत नाही.

हे नियम मी केलेत. मार्गोच्या तराजूत पासंग नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

यंदा डर्कचं नाव रेनो कांगासला आलं. रेनो वर उत्तरेला, बर्फात राहतो. वय ब्याऐंशी, खाणीतून निवृत्त, एकटाच. त्याच्या यादीत पाच साध्या बाटल्या होत्या आणि सहावी, दुप्पट मोठी, होती 'हेल्मीची काळी, वर्षं अकरा'. हेल्मी म्हणजे त्याची बायको. ती घरीच बिअर करायची, आणि बाटलीचं तोंड बंद करायला नातवंडांचे लाल मेणाचे रंगखडू वितळवून त्यात बुडवायची. ती गेल्याला चार वर्षं झाली. दोनच बाटल्या उरल्यात, असं रेनोने मला लिहिलं होतं. 'माझ्या काळजाला आता इतकी जड बिअर झेपत नाही. जाणत्या माणसाने प्यावी आणि चव कशी होती ते मला दोन ओळींत कळवावं, एवढंच.'

खोकं आलं त्या दिवशी मी बहिणीकडे होते. संध्याकाळी गटात डर्कचा फोटो आला: बंद खोकं, मग उघडं खोकं, मग टेबलावर पाच बाटल्या. खाली एक ओळ, 'सहावी नाही.'

रेनोने पहिल्या दिवशी लिहिलं, 'ठेवली होती.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'मला आठवतं त्याप्रमाणे ठेवली होती.' तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'ठेवली असं वाटतं.' टोलेडोचा लेवॉन, ज्याच्या जिभेला हाड नाही, तो म्हणाला, "म्हातारबुवांनी वाटेतच लोणचं चाखलं की काय?" सगळे हसले. चौथ्या दिवशी सकाळी मी रेनोचं नाव यादीत घातलं. कॉफी पिता पिता घातलं. मला फार काही वाटलंही नाही, हे आज सांगताना मान खाली जाते.

बारा दिवसांनी, बुधवारी दुपारी, कुरियरवाल्याने दारात एक छोटं खोकं ठेवलं. त्यावर माझं नाव होतं. आत लाल तोंडाची एकच मोठी बाटली, लोकरी मोज्यात गुंडाळलेली, आणि एक चिठ्ठी.

'मार्गो, तळघरात दोन होत्या, आता एक आहे. म्हणजे दुसरी गेली हे खरं. तुझ्या नवऱ्याला मिळाली नाही, तर बहुधा मीच प्यायलो आणि विसरलो. गेल्या महिन्यात शेगडीही एकदा चालू राहिली होती. माझी मुलगी लीसा आली आहे. येत्या गुरुवारी ती मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहे, आणि मग घर विकून मला तिच्याकडे न्यायचं म्हणते. मी आता हो म्हणालो. स्वतःच्याच डोक्याचा भरवसा नसलेल्या माणसाने चुलीजवळ एकटं राहू नये. ही शेवटची बाटली डर्कला दे. यादीतलं नाव राहू दे, ते बरोबरच आहे. रेनो.'

मी ती चिठ्ठी उभ्यानेच दोनदा वाचली. मग नजर त्या छोट्या खोक्यावरच्या कुरियरच्या पट्टीवर गेली. तिथे वजन छापलेलं होतं, चार पौंड. खोकं निघतानाच कुरियरवाले ते तोलतात. डर्कच्या जागी दुसरा कुणीही असता, तर मी पहिल्याच दिवशी त्याच्याकडे पट्टीचा फोटो मागितला असता. नवऱ्याकडे मागितला नव्हता.

आमच्याकडे खोकी टाकत नाहीत, घडी करून गॅरेजमध्ये ठेवतात. रेनोचं खोकं ढिगात तिसरं होतं. पट्टीवर वजन होतं बारा पौंड.

त्याच्या पाचपैकी तीन बाटल्या अजून भरलेल्या होत्या. दोन रिकाम्या होत्या, त्यांत मी पाणी भरलं. वजनाला बिअर काय नि पाणी काय, उन्नीस-बीस. रेनोने बाटल्यांभोवती कोंबलेले वर्तमानपत्रांचे बोळे पिशवीत तसेच होते, तेही परत भरले. खोक्याला टेप लावली आणि हरणं तोलायच्या काट्याला टांगलं. काटा नऊच्याही अलीकडे थांबला. खोकं उतरवलं, पुन्हा टांगलं. तेवढंच. मग हेल्मीची बाटली मोज्यासकट आत घातली आणि टांगलं. काटा बारावर गेला.

मी गॅरेजच्या पायरीवर बसले.

डर्क साडेपाचला आला. काट्याला लटकलेलं खोकं पाहून दारातच थबकला.

"काय तोलतेयस?"

"तुला," मी म्हणाले. "रेनोचं खोकं निघालं तेव्हा बारा पौंड होतं. पाच बाटल्यांचं नऊही भरत नाही."

"मग कुरियरवाल्यांनी काढली असेल. काय भरवसा त्यांचा?"

"तुझ्याच फोटोत टेप अख्खी आहे, डर्क. रेनोने तीन थर मारलेत. ती कापली तू."

"म्हणजे तू माझ्यापेक्षा त्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवणार?"

"मी काट्यावर ठेवतेय."

तो बोलता बोलता सरकत सरकत मोठ्या फ्रीझरसमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात नसावं, पायच तिकडे गेले. वीस वर्षं संसार केलाय मी या माणसाबरोबर.

"बाजूला हो," मी म्हणाले.

"मार्गो, ऐक तर."

"हो बाजूला."

फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाची पुडकी होती. वरची सगळी कोरी, नव्या कागदात गुंडाळलेली. मी तळापर्यंत हात घातला. कोपऱ्यात तपकिरी बर्फाचा पापुद्रा होता आणि त्यात नखाएवढा लाल मेणाचा तुकडा. तो मी खरवडून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तुकडा वितळत नव्हता, तरी डर्क त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू हात भाजतोय.

"माझा भाऊ येणार होता," तो हळूच म्हणाला. "वीस मिनिटांसाठी ठेवली. फक्त जरा गार व्हावी म्हणून. मग त्याच्या गाडीचं चाक बर्फात रुतलं, मी काढायला गेलो... परत येईपर्यंत फुटली होती. मी! फ्रीझरमध्ये! लेवॉनने जन्मभर सोडलं नसतं मला. वाटलं, एक बाटलीच तर आहे, म्हातारा म्हणेल चुकून राहिली, नि विषय संपेल."

"संपला," मी म्हणाले आणि चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

त्याने वाचली. अर्ध्यावर तो खाली, पायरीवर बसला. ज्याच्या हातात मी घर, गाडी, सगळं निर्धास्त सोपवलं, त्याचा मला त्या क्षणी इतका राग आला की बोलताना थुंकी उडत होती. "कुंपणानेच शेत खाल्लं. आणि राखणदार कोण? मी! त्याने स्वतःच्या डोक्याला वेडं ठरवलं, डर्क. तुझ्या बढाईपायी आणि माझ्या आंधळेपणापायी."

"मी गटात लिहितो. आत्ता लिहितो. माझं नाव टाक यादीत."

"ते टाकणारच आहे. माझंही टाकणार आहे, आणि पुढल्या वर्षी टोपी दुसऱ्याच्या हातात. पण गट नंतर. आधी फोन."

"फोन नको, मार्गो. मी काय बोलू त्याच्याशी?"

"उद्या सकाळी ते डॉक्टरकडे निघतील. डॉक्टर विचारतील, हल्ली काय काय विसरता? तो ही बाटली सगळ्यात आधी सांगेल."

मीच नंबर लावला आणि फोन मधे, फ्रीझरच्या झाकणावर ठेवला. चार वेळा वाजला. मग रेनोचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "पोरी, बाटली पोचली का? की तेही मी..."

"पोचली, रेनो. तुम्ही ऐका. डर्कला काही सांगायचंय."

डर्कने दोनदा घसा खाकरला. "रेनो, तुमची पहिली बाटलीही आली होती. खोक्यात होती. नीट गुंडाळलेली. मी ती फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरलो, ती फुटली. आणि मी खोटं बोललो. तुम्ही पाठवली होती. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

डर्कने डोळे मिटून घेतले. मीही वाट बघत होते, आता शिव्या येतील, आणि याव्यातच.

"फ्रीझरमध्ये?" रेनोने विचारलं.

"हो."

"थांब," रेनो म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "लीसा! ए लीसा! बॅग राहू दे ती, इकडे ये आधी." मग तो फोनच्या अगदी जवळ आला. आवाज भरून आला होता, पण बारीक नव्हता.

"हं. आता पहिल्यापासून सांग, पोरा. मोठ्याने सांग. हिला ऐकू दे."