कल्पेशभाईंच्या ओट्याबाहेर

गुड्डी नुसती शिंकली तरी कपाळाला हात लावून ताप बघणारी कावेरी. कल्पेशभाईंच्या हातात कोयता दिसताच तिने आधी पोरीला घरात नेऊन बसवलं. बाहेर येईपर्यंत ओट्याजवळची केळ आडवी झाली होती.

"बेन, आजपासून शाळा बंद," चाळीचे मालक कल्पेशभाई म्हणाले. "इथं मला खोल्या काढायच्या. आणि पोरांचा कलकलाट पण बस झाला."

अठ्ठ्याऐंशी साली सिल्वासाभोवती कारखाने उठत होते. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांत राबायला आलेल्या खानदेशी माणसांची मुलं दिवसभर ट्रकांमागे धावायची. बी.ए. झालेल्या कावेरीने त्यांना ओट्यावर बसवून अक्षरं शिकवायला घेतली होती. जूनमध्ये त्यांना शाळेत घालायचं होतं.

"गप ऱ्हा माय," सासू केसरबाई दबक्या आवाजात म्हणाली. "खोली खाली करा म्हटला, तर जाशील कुठं? माझ्या समाधानची नोकरी बी कच्ची."

कावेरी आत गेली. दुपारी खिडकीतून बघते, तर केळीच्या कापलेल्या खुंटातून नव्या पानाचा पांढुरका पोंगा बोटभर वर आलेला. कडा काळवंडत होत्या, मधला गाभा सरकत होता. रावेरला वडिलांच्या बागेत तिने हे शंभरदा पाहिलं होतं. तेव्हा तिचं स्वतःचं काही कापलं गेलं नव्हतं.

"काय बघतेस एवढं?" सासूने विचारलं.

"आत्याबाई, हिने वर यायला कुणाला विचारलं का हो?"

आणि सतरंजी काखेत मारून ती निघालीच. रस्त्याकडेला सागाखाली ती अंथरली, मुलांना हाका मारल्या. मुलं बिचकत बसली, तोच कल्पेशभाईंची स्कूटर समोर येऊन थांबली.

"बेन, नाय म्हटलं ना मी?"

"ओट्यावर नाही म्हणालात. ओटा तुमचा. रस्ता कुणाच्या बापाचा?"

"खोली खाली करावी लागेल हां!"

कावेरीने पाटी मांडीवर घेतली. "करू. गलोंडा गावात खोली बघू. मुलं तिथंही आहेत."

गुड्डीला कडेवर घेऊन केसरबाई येताना दिसली. आता ही हात जोडणार, असं कावेरीला वाटलं. केसरबाई सतरंजीच्या कडेवर ऐसपैस बसली.

"भाई, फटफटी तेवढी बाजूला घ्या. धूर पोरांच्या तोंडावर येतोय."

कावेरीने पाटीवर अक्षर काढलं. आपला आवाज कापतोय हे कुणाला कळू नये म्हणून तिने मुलांना आणखी मोठ्याने म्हणायला लावलं.