गवताला मारलेली गाठ

"हंसे, विळा आवर! पुढल्या गवताला गाठ हाय."

सासूबाई जाऊन कितीतरी पावसाळे लोटले, पण हंसाच्या कानातून हा आवाज काही गेला नव्हता. ती नवी सून होती तेव्हाची गोष्ट. श्रावणातली उघडीप होती. गुरांना हिरवा चारा आणायला सासूनं तिला पहिल्यांदाच चिंचोटीच्या वाटेवरच्या माळावर नेलं होतं. नव्या सुनेनं कसब दाखवायला विळा सपासप चालवला, तोच ही हाक आली. हंसा थबकली. समोर कमरेइतक्या गवतात चार पात्यांचे शेंडे एकत्र वळून कुणीतरी त्यांची गाठ मारली होती. गाठीपलीकडे, उघड्या भुईवर, मातीच्याच रंगाची एक पक्षीण अंड्यांवर बसली होती. डोळासुद्धा हलवत नव्हती.

"तनमोरीन हाय ती," सासू कानाशी कुजबुजली. "जिला दिसंल तिनं गाठ मारायची. मागनं येनारीनं गाठ बगून विळा वळवायचा. आन तोंडातनं शबूद काढायचा नाय! नवऱ्याजवळपन नाय. बोललं की बंदूकवाल्याच्या कानावर जातं."

परतताना डोक्यावर भारा घेऊन सासू गुणगुणत होती,

सरसर चाले विळा, गाठीपाशी थांब बाई
गवताच्या गं खोलीत बाळंतीण झोप घेई

पुढची ओवी मात्र ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. हंसानं कितीदा विचारलं. म्हातारी हसायची. "ती माज्या लेकाची हाय. तुजी नाय."

बंदूकवाल्यांची भीती खोटी नव्हती. तणमोराच्या नराला एक वेडी खोड. पाऊस पडून गवत वाढलं की तो गवतातून उंच उडी मारतो. काळंभोर अंग, डोक्यावर वाऱ्यावर डुलणारे तुरे. क्षणभर हवेत दिसतो, पुन्हा गवतात बुडतो, पुन्हा उडी! आपली सखी कुठंतरी बघत असेल एवढाच त्याचा भरवसा. पण बघणारी ती एकटीच नसे. जीपगाड्या घेऊन येणारे हौशी शिकारीही बघत. उडीसरशी बार निघे. वर्षामागून वर्षं उड्या कमी होत गेल्या आणि एका पावसाळ्यात माळ अगदीच मुका झाला. गाठ मारायला बायकांना काही उरलंच नाही.

आणि चौऱ्याऐंशी सालच्या आषाढात तो परत आला!

हंसानं त्याची उडी पाहिली आणि डोक्यावरचा भारा तिनं तसाच खाली सोडला. चार दिवसांनी तिला पक्षीणही दिसली. तिनं गवताचे शेंडे वळले, गाठ मारली आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. कुणाला काही बोलली नाही.

तिचा नवरा बळीराम गावचा सरपंच. एका संध्याकाळी जेवताना तो भलताच खुशीत होता.

"हंसे, परवा घाई हाय बग. तालुक्याहून सायेब येनार. माळावर झाडं लावायची! ट्रक भरून रोपं आलीत. निलगिरी, सुबाभूळ."

हंसाच्या हातातली पळी भातातच राहिली. "कुठल्या माळावर?"

"आपल्याला माळ हायत तरी किती? पडीक पडलाय नुसता."

"गवत हाय की तिथं."

"गवत!" बळीराम हसला. "गवत काय कोन लावायला जातो? ते आपलं येतं, आपलं जातं. झाड लावनं पुन्याचं काम. वाढ आमटी."

हंसानं आमटी वाढली. तोंडाशी आलेले शब्द गिळले. सासूची आण होती ना!

वाचकहो, बळीराम वाईट माणूस नव्हता. गावात शाळेची खोली त्यानं उभी केली, पाण्यासाठी तो तालुक्याला खेटे घालत राहिला. झाड म्हणजे चांगलं, मोकळा माळ म्हणजे वाया गेलेली जमीन, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्हा-आम्हालाही दुसरं काय सांगितलेलं असतं?

दुसऱ्या दिवशी खड्डे सुरू झाले. गावातला नथू पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन माळभर पांढऱ्या रेघा ओढत होता. हंसाला पाहून त्यानं चेष्टा केली, "काय सरपंचीनबाय, आमच्यावर देखरेख काय? चार वर्सांनी या, इथं सावलीत निजा!"

हंसाचं लक्ष जमिनीकडं होतं. पांढरी रेघ तिच्या गाठीच्या अगदी जवळून गेली होती.

ती तशीच शाळेत गेली. तिथल्या शिक्षिका आल्बिना बाई पापडी गावच्या. रोज तिथून यायच्या. त्यांच्या बागायती वाडीत केळी, अळू, पानवेली, बोट ठेवायला जागा नाही. उद्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनीच मुलांकडून गाणं बसवून घेतलं होतं.

"ये गं हंसा! कळश्या घेऊन बायका किती येतील?"

"बाय, जरा माझ्यासंगती चला."

"कुठं?"

"इचारू नका. बोलायचं नाय मला."

आल्बिना बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि छत्री घेतली. माळाच्या कडेला हंसा थांबली. बोट उचलून तिनं लांबूनच गाठ दाखवली. बाईंना आधी काही उमगेना. मग गवतातून बेडकानं डराव करावं तसा आवाज आला आणि तो उडाला! काळे पंख, पांढरा पट्टा, डुलणारे तुरे.

"जेजू!" बाईंच्या तोंडून येशूचं नाव निघालं. "तणमोर! अगं, हा संपत आलाय, हंसा. मी पुस्तकातल्या चित्रातच पाहिला होता." मग त्यांची नजर गाठीवर गेली, तिथून फक्कीच्या रेघेवर. "म्हणजे घरटं तिथं आहे?"

हंसाचे डोळे भरून आले. तिनं मान हलवली.

 बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आम्ही वाडीवाले. रिकामी जमीन दिसली की आमचे हात शिवशिवतात. गवत म्हणजे उपटायची वस्तू. उद्या मी मुलांना घेऊन इथं येणार होते गं, गाणी म्हणत!"

"रेघ थोडी बाजूला सरकवली तर?"

"एक घरटं वाचेल. पण निलगिरी डोक्यावर गेली की या पाखराला उडी कुठून मारायची? त्याला आभाळ लागतं, आडवं पसरलेलं. मासा झाडावर ठेवून त्याला सावली दिली म्हणायचं का? माळ हेच त्याचं रान, हंसा. उघडा दिसतो म्हणून तो ओसाड नाही. तू सांग बळीरामभाऊंना."

"नाय, बाय! सासूनं बोलायचं नाय म्हनून सांगितलंय. नवऱ्याजवळपन नाय. तुम्ही सांगा."

"मी सांगेन. पण मग ते बाहेरच्या बाईचं सांगणं होईल. सासूनं तुला गप्प का बसवलं होतं, हे आठव."

"बंदूकवाल्याच्या भीतीनं."

"मग? मारायला येणाऱ्यापासून लपवावं लागतं. पण हे लोक मारायला येत नाहीत, ते बिचारे पुण्य करायला येताहेत. ज्याला ठाऊकच नाही त्याला सांगायला नको का? तुझ्या गप्प बसण्यानं पाखरू जगत होतं, तोवर ती माया होती. उद्याही तू गप्प राहिलीस, तर तिला काय म्हणायचं?"

 रात्रभर त्या प्रश्नानं हंसाला झोपू दिलं नाही.

सकाळी माळाच्या तोंडाशी मांडव उभा होता. साहेब आले, त्यांच्या गळ्यात हार पडला. बळीराम नवा सदरा घालून भाषणाला उठला. "आज या ओसाड माळावर आपन..."

"माळ ओसाड नाय!"

सगळ्या माना वळल्या. कळश्या घेतलेल्या बायकांतून हंसा पुढे आली होती. त्या गावात सभेत बाई कधी बोलली नव्हती. नथू हळूच म्हणाला, "मेलो! सरपंचाला घरचा अडथळा!" दोन-चार जण हसले.

"हंसे, काय हाय ते घरी बोलू," बळीराम खालच्या आवाजात म्हणाला.

"घरी बोलले नाय, तीच चूक झाली. माळावर बाळंतीन हाय."

हसू थांबलं. हंसा पुढे बोलतच राहिली. "तनमोरीन अंड्यांवर बसलीय. तिच्या गवताला गाठ मी मारलीय. सासूबाईंनी शिकवलं तशी. या माळाच्या गवतावर आपली गुरं जगली, आपली घरं शाकारली. याला पडीक म्हनताना जीभ कशी अडखळत नाय आपली? झाडं लावा ना! शाळेपुढं लावा, रस्त्याला लावा, मीच पानी घालीन. पन कुनाच्या घरात खड्डा खनून पुन्य लागत नाय हो!"

साहेब गोंधळले. "पण कागदावर ही जमीन पडीकच आहे."

"साहेब, कागदावर पाखरू बसत नाही," आल्बिना बाई म्हणाल्या. "लांबून बघा. जवळ जाऊ नका."

सगळ्यांनी माळाकडं माना उंचावल्या. वारा आला, गवत एका अंगावर कललं. आणि बघता बघता तो उडाला! एकदा. पुन्हा. पोरांनी 'आ' वासला. म्हाताऱ्या बायकांनी कळश्या खाली ठेवून डोळ्यांना पदर लावले. त्यांनीही कधीकाळी गाठी मारल्या होत्या. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

बळीराम मांडवातून बाहेर आला. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, पण तो पुढे गेला नाही. माळाच्या कडेलाच उभा राहिला. मग वळून म्हणाला, "नथू, ट्रक शाळेकडं घे. आन हे खड्डे आज नको बुजवू. पिल्लं चालायला लागली की मग बगू."

"आणि कार्यक्रम?" साहेबांनी विचारलं.

"कार्यक्रम होनार सायेब! रोपं गावाला लावू, माळाला नाय. आन त्या कागदावरचा 'पडीक' शब्द कसा पुसायचा, तेवढं तुम्ही आमाला शिकवा."

 साहेब हसले आणि गळ्यातला हार काढून त्यांनी हंसाच्या कळशीवर ठेवला. दुपारभर शाळेपुढं, रस्त्याच्या कडेनं, विहिरीपाशी रोपं लागत होती. आल्बिना बाई मात्र त्यातली निलगिरी बाजूला सारून म्हणत होत्या, "पुढच्या खेपेला आंबा, चिंच आणा रे!"

बंधुभगिनींनो, आपल्याला जिथं काही दिसत नाही तिथं काहीच नसतं, असं आपण धरून चालतो. मोकळी जागा दिसली की भरायला धावतो. एकदा तरी थांबून विचारावं, इथं आधीपासून कोण राहतं? आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्यानं वेळेला तोंड उघडावं. चांगल्या हातांनी नकळत केलेला नाशही नाशच असतो.

संध्याकाळी हंसा ओटीवर तांदूळ निवडत होती. नवरा रागावला असेल, ही धास्ती अजून मनात होतीच. बळीराम येऊन शेजारी बसला. सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. 

"मला ठावं होतं," तो म्हणाला.

हंसाचे हात थांबले.

"पंधरवड्यामागं सायकलवरनं येताना बगितला मी त्याला. उडी मारली त्यानं. आईनं मलापन बजावलं होतं, बोलायचं नाय म्हनून. तुजी तुला शपत, माजी मला. एका घरात राहून आपन दोघं एकमेकांपासनं एकच पाखरू लपवत होतो गं! मी मनाला समजावलं, जाईल कुठं दुसरीकडं. पन त्याला दुसरीकडं हायच कुठं?"

 हंसानं हळूच विचारलं, "ती ओवी... सासूबाई माझ्यापुढं म्हनायच्या नाय ती?"

बळीरामनं घसा खाकरला. आयुष्यात कधी त्यानं कुणापुढं गाणं म्हटलं नव्हतं. माळाच्या दिशेनं बघत, अडखळत, आईच्याच चालीवर तो म्हणाला,

पावसाच्या महिन्याला लेक माहेराला आली
माझ्या बाळा, सांग तिला, तुझी जागा राखलेली