डेरेलला पाठवलेलं नाणं

गुरुवार, १२ नोव्हेंबर २००९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शारजातल्या आपल्या फ्लॅटमध्ये राजन प्रभुदेसाईने लॅपटॉप उघडला आणि एका ओळीची बातमी वाचली. डेरेल हॉलोवेची सही लांबणीवर पडली होती. परदेशातून आलेल्या एका भेटवस्तूची चौकशी सुरू झाली होती.

चहाचा कप तोंडाशी नेता नेता राजन थांबला. ती भेटवस्तू त्यानेच पाठवली होती.

डेरेल हॉलोवे हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावचा शाळकरी बास्केटबॉलपटू. वय सतरा, उंची सहा फूट नऊ इंच. तिकडे कॉलेजांच्या संघांवर लोकांचा जीव असतो आणि शाळेतली गुणी मुलं आपल्या संघात यावीत म्हणून कॉलेजं दोन-दोन वर्षं त्यांच्या मागे असतात. कोणता मुलगा कुठे जाणार, यावर चाहते इंटरनेटवर तासन्‌तास वाद घालतात. राजन त्यातलाच एक. एक्क्याण्णव ते त्र्याण्णव अशी दोन वर्षं त्याने वॉलबर्न स्टेट विद्यापीठात काढली होती. पहिल्या हिवाळ्यात त्याला कोणी ओळखीचं नव्हतं. एका सामन्याला शेजारच्या अनोळखी मुलाने बास्केट पडताच त्याला मिठी मारली, आणि तेव्हापासून तो संघ त्याचा झाला.

आता तर त्या संघाची फारच गरज होती. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्या बांधकाम सल्लागार कंपनीत मंदीपूर्वी नव्वद माणसं होती. आता एकतीस उरली होती. पगार तीस टक्क्यांनी कापला गेला आणि दुबईतलं घर सोडून कुटुंब शारजाला आलं. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. अशा वर्षात सप्टेंबरमध्ये डेरेलने वॉलबर्नला तोंडी होकार दिला; करारावरची सही नोव्हेंबरात व्हायची होती.

"अरे, सुपारी फुटली!" ऑफिसातला सुजीत ओरडला होता. सुजीत पुण्याचा. क्रिकेटपलीकडे त्याला काही कळत नसे, पण राजनच्या नादाने तोही डेरेलमय झाला होता. दोघांनी ऑफिसात पेढे वाटले. पेढे कशाचे, हे निम्म्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

इथवर ठीक होतं. पण सुपारी फुटली म्हटल्यावर पुढचे उपचार आलेच. घरच्या मोठ्या माणसांशी बोलल्याशिवाय आपल्याकडे कुठलं काम पक्कं होतं? राजनने डेरेलच्या घरचा नंबर शोधून काढला आणि त्याच्या आईला फोन केला. रुग्णालयातल्या धुलाई विभागात काम करणाऱ्या त्या बाईंशी तो, नाव न सांगता, 'दुबईतला एक हितचिंतक' म्हणून अकरा मिनिटं बोलला. अगदी विहीणबाईंशी बोलावं तशा अदबीने. वॉलबर्न किती चांगलं, तिथली माणसं किती मायाळू, मुलगा शब्दाला जागेल ना, वगैरे. मग राजन आणि सुजीतच्या मनात आलं की शब्द घेतला तर मुलाच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं.

दोघांनी मिळून पाच ग्रॅमचं सोन्याचं नाणं घेतलं.

"साडेसहाशे दिरहम. म्हणजे आठ हजारांच्या वर रुपये," सुजीत म्हणाला. "जाऊ दे, पोरगा आपला आहे."

नाण्यासोबत खजुराची पेटी घेतली. सुजीतचा मेहुणा शिकागोला निघाला होता. त्याच्या बॅगेतून दोन्ही गेलं आणि तिथून त्याने पोस्टाने धाडलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'तुझे दुबईतले हितचिंतक'.

"बाबा, काय झालं? यू लुक सिक." अकरावीतली ईशानी शाळेच्या गणवेशात समोर उभी होती. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, दोन-तीन पानं उघडली आणि डोळे मोठे केले. "बाबा! फॅन्सनी फोन करायचा नसतो. काही पाठवायचंही नसतं. नॉट ईव्हन अ टी-शर्ट. इट्स अ रूल!"

"पण मी कुठे कॉलेजचा नोकर आहे?"

"यू स्टडीड देअर. तेवढं पुरतं त्यांना." ती वाचत गेली. "आता ते विचारणार, त्याने पैसे घेऊन होकार दिला का? ही माइट नॉट बी अलाउड टू प्ले."

अनुराधा डबे भरत होती. तिने झाकण लावता लावता नवऱ्याकडे पाहिलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं राजन, मुलगी बघायला गेल्यासारखं काय चाललंय तुमचं? त्या बाईला तुम्ही कोण, कुठले! आणि सोनं? आपल्याकडे दिवाळीला मी मागितलं तर मंदी आठवते."

राजनने लॅपटॉप मिटला. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

सहा पन्नासची ती कंपनीची पांढरी व्हॅन. चालवायला भिकाजी. गुहागरकडचा, वय चोपन्न. बावीस वर्षं साइटवर परांचीचा मुकादम होता. साइट बंद पडल्या तेव्हा कंपनीने घरी न पाठवता त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं. सुजीत आधीच मागे बसला होता आणि त्यानेही बातमी वाचली होती.

"हे बघ," राजन बसताच तो म्हणाला, "चिठ्ठीवर आपलं नाव नाही. मेहुण्याला मी गप्प राहायला सांगतो. कोणाला काही कळत नाही. खलास."

"आणि मुलगा?"

"त्याचं होईल काहीतरी. मोठा प्लेअर आहे, सोडतील इन्शाल्ला. तू मध्ये पडलास तर तुझं नाव कायमचं काळ्या यादीत जाईल. मार्चमध्ये ईशानीला घेऊन मॅच बघायला जाणार होतास ना? तुला दारातून आत घेणार नाहीत."

दुबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. पाऊण तास दोघांचं हेच चाललं होतं. भिकाजी मुकाट ऐकत होता. शेवटी त्याने आरशातून मागे पाहिलं.

"सायेब, एक इचारू? त्या पोराने सोनं मागितलं होतं?"

"नाही रे. त्याला माहीतही नव्हतं."

"त्याच्या आवशीने?"

"नाही."

"मग दिलंत कशाला?"

सुजीत हसला. "अरे भिकाजी, प्रेमाने दिलं. आपण काय लाच दिली?"

"तुमी नाय म्हणाल. पण घेणाऱ्याला काय वाटतं, ते मला इचारा." भिकाजीने गाडी एक हात पुढे घेतली. "मी सतरा वर्षांचा होतो. कबड्डी खेळायचो. चढाईला गेलो की दोन गडी घेऊनच परत. आमच्या वाडीचा संघ चालवणाऱ्या एका बड्या माणसाला माझं भारी कौतुक. एक दिवस त्याने मला नवी सायकल दिली. घंटीवाली! मी रात्रभर झोपलो नाय. वर्षाने मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचं बोलावणं आलं. नोकरी देणार होते, खोली देणार होते. मी पिशवी भरली. तर बापूस म्हणाला, 'सायकल घेतलीस ना त्यांची? त्यांच्या संघाला कोण खेळणार?'"

"मग?"

"मग काय. नाय गेलो. त्या माणसाने मला एका शब्दाने अडवलं नाय हां. सायकलीनेच अडवलं. वाईट नव्हता तो, सायकलपण वाईट नव्हती. पण मला नाय म्हणता येईना."

सुजीत हळू आवाजात म्हणाला, "पण आम्ही तर त्याचे हितचिंतकच आहोत."

"तोपण हितचिंतकच होता, सायेब."

राजन ताठ बसला. अरे, किती सोपं होतं हे! डेरेलने होकार दिला होता, पण तो मनापासून दिलेला होकार होता. आपण मात्र त्यावर सोनं ठेवून त्याची किंमत केली! पोराला उद्या मन बदलावंसं वाटलं असतं, घराजवळ राहावंसं वाटलं असतं, तर त्या आईने नाण्याकडे बघून लेकाला काय सांगितलं असतं? आणि आता त्याच नाण्यासाठी सगळे त्या सतरा वर्षांच्या मुलाकडे चोराकडे बघावं तसं बघत होते. देणारे मात्र शारजाच्या ट्रॅफिकमध्ये सुखरूप बसले होते!

"सुजीत, मी आज फोन करणार आहे," तो म्हणाला.

"कुणाला?"

"विद्यापीठाला. ज्याने दिलं त्यानेच सांगायला हवं की मुलाने मागितलं नव्हतं. दुसरं कोण सांगणार?"

"आणि तुझी मॅच?"

"टीव्हीवर बघू."

भिकाजीने मागे पाहिलं नाही. "यल्ला, चला," असं पुटपुटत त्याने मोकळ्या झालेल्या रांगेत गाडी घातली.

संध्याकाळी सव्वापाचला, म्हणजे तिकडे विद्यापीठात सकाळी सव्वाआठला, राजन ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत शिरला. अठ्ठावीस खुर्च्यांच्या त्या खोलीत आता क्वचितच कोणी बसत असे. विद्यापीठात खेळांचे नियम पाहणारं एक स्वतंत्र कार्यालय आहे. तिथल्या बाईंना त्याने नाव, पदवीचं वर्ष, फोनची तारीख, नाण्याचं वजन आणि ते कुणामार्फत पाठवलं, हे सगळं सांगितलं. बाई मध्ये एकदाच बोलल्या.

"हे तुम्ही का केलंत?"

आमच्याकडे अशी पद्धत आहे, हे राजनच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"मुलगा आमचा आहे असं मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "तो आमचा नाही, हे मला आज कळलं."

बाईंनी हे सगळं लेखी द्यायला सांगितलं. यापुढे डेरेलशी, त्याच्या घरच्यांशी किंवा संघाशी कसलाही संबंध ठेवायचा नाही, हेही स्पष्ट बजावलं. राजन टाइप करायला बसला तेव्हा सुजीत दारात उभा होता.

"माझंही नाव घाल," तो म्हणाला. "निम्मं नाणं माझं होतं."

रात्रीच्या जेवणाला राजनने दोन घास जास्त खाल्ले. अनुराधाने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या ताटात न विचारता भात वाढला.

"ईशानी," तो म्हणाला, "तू वॉलबर्नलाच जायचंस, असं मी चार घरी सांगून ठेवलंय. तुला विचारलं नव्हतं."

"आय नो."

"तुला कुठे जायचंय?"

ती चमचा हातात धरून बसली. असा प्रश्न येईल अशी तिची तयारीच नव्हती. "मला अजून माहीत नाही, बाबा. कॅन आय टेक सम टाइम?"

"घे की. सुट्टीत बोलू."

"आणि तुमच्या त्या चार घरांचं काय?"

"त्यांना मी सांगेन, ठरलेलं नाही म्हणून."

ईशानी हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात जेवण रेंगाळलं.

वाचकहो, आपण मुलांवर प्रेम करतो यात शंका नाही. शेजारच्या हुशार मुलीला आपण पेन देतो, भाच्याला घड्याळ देतो, एखाद्या गुणी खेळाडूच्या पाठीवर थाप मारतो. हे जरूर करावं. पण देताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे घेतल्यावरही या मुलाला मला 'नाही' म्हणता येईल का? येणार नसेल, तर ती भेट नव्हे, तो दोर आहे. मग तो सोन्याचा असला म्हणून काय झालं! मुलांचं भलं चिंतायचं असेल तर त्यांचा निर्णय त्यांच्या हातात राहू द्यावा. आणि चुकून दोर बांधलाच, तर तो सोडायला आपणच पुढे व्हावं. त्याची लाज मुलाच्या माथी मारू नये.

पुढचं एवढंच कळलं आहे. बुधवारी, १८ नोव्हेंबरला, सह्यांची मुदत संपली, तेव्हा डेरेलने कुठेच सही केलेली नव्हती. नाणं आणि खजुराची न उघडलेली पेटी त्याच्या आईने शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जमा केली. राजन आणि सुजीत यांचं पत्र पोहोचल्याचं विद्यापीठाने कळवलं आणि राजनचं नाव माजी विद्यार्थ्यांच्या क्रीडा मंडळातून कमी केलं. मुलाची चूक नव्हती, हे चौकशीत मान्य होण्याची शक्यता आहे, असं तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राने छापलं. पण एका माजी विद्यार्थ्याची भेट पोहोचल्यामुळे वॉलबर्नला त्याला घेता येईल की नाही, यावर निर्णय झालेला नाही. सह्यांची पुढची संधी एप्रिलमध्ये आहे. त्याच बातमीत डेरेलचं एक वाक्य होतं: घरच्यांशी बोलून मी पुन्हा पहिल्यापासून विचार करतो आहे.

ते वाक्य राजनने सोमवारी, २३ नोव्हेंबरला, व्हॅनमध्ये सुजीतला आणि भिकाजीला मराठीतून वाचून दाखवलं. चाहत्यांच्या पानावर त्या दिवशी चारशेहून अधिक जणांनी आपापले अंदाज लिहिले होते. राजनने काही लिहिलं नाही.

डेरेल हॉलोवे कुठे खेळणार, हे अद्याप समजलेलं नाही.