डोह न पाहिलेली पायगाडी

मित्रांनो, मी एक जुनी पायगाडी आहे. मला साखळी नाही, रबर नाही. पायडलं थेट पुढच्या चाकाला, चाकं लाकडाची आणि त्यांवर लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवती बसवलेलं कडं. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, तरी लोक वळून वळून बघायचे.

फ्रान्समधल्या एका टेकडीवरच्या खेड्यात, गाडे बनवणाऱ्या थिओफील सुताराने मला घडवलं. अख्खा हिवाळा खपला बिचारा. निळा रंग दिला, त्यावर पिवळी रेघ ओढली. जत्रेला मला खालच्या शहरात न्यायचं आणि पुढे गाडे सोडून पायगाड्याच करायच्या, हा एकच ध्यास त्याने घेतला होता.

आमच्याकडे कोरड्या उन्हाळ्यात दर रविवारी गाडे डोहात उभे करतात. लाकूड भिजून फुगतं आणि धाव घट्ट बसते. जो विसरेल त्याला थिओफील चारचौघांत झापायचा. मला मात्र त्याने चुलीशेजारी ठेवलं.

त्याची बायको क्लोतिल्द म्हणाली, "अहो, सगळ्या गावाला डोहावर हाकलता. हिनं काय घोडं मारलंय?"

"रंग उडेल तिचा. जत्रा होऊ दे, मग बघू."

खरं सांगते, मला ते आवडलं. रोज तेलाचा हात, मऊ फडकं. लाडावले होते मी. धाव सैल होत होती, मला कळत होतं, पण सांगणार कशी?

जत्रेच्या सकाळी तो माझ्यावर बसून शहराकडे निघाला. उतारावर पायडलं गरगरू लागली, तसे त्याने पाय वर घेतले. वळणावर पुढची धाव निसटली, आरे निखळले आणि पडता पडता त्याचा उजवा हात चाकात गेला. तो मनगटापासून कापावा लागला. एका हाताने रंधा चालत नाही. क्लोतिल्दने हत्यारं दुसऱ्या सुताराला देऊन टाकली.

त्याने मला मोडलं नाही. दर रविवारी डाव्या हाताने बादली ओढत आणायचा आणि माझ्या चाकांवर पाणी ओतायचा.

"आता कशाला हो?" क्लोतिल्द दारातून विचारायची. तो दुसरी बादली आणायला वळायचा. माझा रंग कधीच उडून गेला होता.

आता तो नाही, तीही नाही. माझी चाकं भुंग्याने पोखरली आहेत. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, तेवढं काही उरलेलंच नाही. पण मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूसाठी जे सांगता, ते आपल्या लाडक्या वस्तूलाही करा. त्या उन्हाळ्यात मला डोहातली एक बुडी पुरली असती.