मी मुद्दाम हसलो होतो

रेग टिपेटचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या चर्चसाठी शर्टाला इस्त्री करत होतो.

"एव्हरार्ड, ऐक," तो म्हणाला, "नदीकाठच्या त्या थिएटरवाल्यांनी आपल्या दोघांना बोलावलंय. आपली मालिका दाखवणार, आणि मग आपल्याला स्टेजवर बसवून जाब विचारणार. या वेळी मी सगळं सांगून टाकणार आहे बघ. मरायच्या आत एकदा मोकळं व्हायचंय."

"सगळं म्हणजे? नाताळचंसुद्धा?"

"नाताळचं तर सगळ्यात आधी."

मी इस्त्री बंद केली आणि तसाच उभ्या उभ्या मार्व्हाला फोन लावला. मार्व्हा माझी मुलगी. क्रॉयडनच्या एका दवाखान्यात बाळंतपणं करते, स्वभावाने सरळ, बोलायला फटकळ. आमच्या मालिकेचं नावसुद्धा तिच्यासमोर काढायचं नाही असा आमच्या घरात अलिखित कायदा आहे, आणि तो तिने शाळेत असतानाच केलेला आहे.

मालिकेचं नाव होतं 'मंगळवार पुरुषांचा'. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातलं नगरपालिकेचं सार्वजनिक न्हाणीघर. रेग तिथला मुख्य रखवालदार, आणि मी, बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहून नाटकाचं वेड घेऊन आलेला एव्हरार्ड प्रेस्कॉड, तळघरात बंबाला कोळसा घालणारा जोसेफ. दर भागाच्या शेवटी मी आंघोळ करून वर यायचो, रेग माझ्यासमोर टॉवेल धरायचा, माझं काळं अंग खालपासून वरपर्यंत न्याहाळायचा आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणायचा, "आंघोळ झाली की राहिली, कळणार कसं?" की सगळा स्टुडिओ खदखदून हसायचा.

या एका वाक्याने किती रंग बदलले ते मी पाहिलंय. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी अर्धा देश आमच्यासमोर बसायचा. बसमध्ये कंडक्टर माझं तिकीट घ्यायचा नाही, पबमध्ये अनोळखी माणसं माझ्यापुढे बिअर आणून ठेवायची. लंडनच्या पेकममधल्या आमच्या चर्चमध्ये मात्र मी बाकावर बसलो की बायका उठून पलीकडे जायच्या. मग नवे, तरुण विनोदवीर आले. त्यांनी आम्हाला विष ठरवलं आणि चॅनेलने आमच्या टेपा कपाटात कोंबल्या. काही वर्षांनी तेच वाक्य चहाच्या मगांवर छापून यायला लागलं. कॉलेजातली पोरं ते लिहिलेले शर्ट घालून हिंडायची आणि वर मलाच समजवायची की हा विनोदावरचा विनोद आहे. आता पुन्हा वारा फिरला. आता मालिका लावण्याआधी सूचना येते की यात मन दुखावणारा मजकूर आहे. मन कोणाचं, ते लिहिलेलं नसतं. दर वेळी पत्रकार रेगकडे जायचे आणि त्याला काय वाटतं ते छापायचे. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

मार्व्हाला शाळेतून पोहायला नेत. त्या दिवशी पोरी तिच्या डोक्यावर साबण ओतायच्या आणि तेच वाक्य ओरडायच्या. ती घरी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू हसतोस म्हणून त्या हसतात." त्यावर मी तिला नाताळची हकीकत सांगितली होती. तिने ती मानली नाही. पुढे मोठी झाल्यावर पुन्हा सांगितली, तेव्हा म्हणाली, "डॅडी, ही तू स्वतःच्या समजुतीसाठी रचलेली गोष्ट आहे."

ती हकीकत अशी. नाताळच्या खास भागात जोसेफची आई बार्बाडोसहून येते, आणि रेग तिला स्टुलावर बसवून फरशी घासायच्या ब्रशने घासतो, असा प्रवेश लिहून आला. आईचं काम करणाऱ्या आयोनीबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी संहिता वाचली, मिटली आणि पर्समधून रुमाल काढून हातात धरून बसल्या. त्याच वर्षी माझी स्वतःची आई गेली होती. मी रेगच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, हे मी होऊ देणार नाही. रेग म्हणाला, "नाही म्हणालास तर तुला काढतील आणि दुसऱ्याला उभा करतील. त्यापेक्षा हस."

"हस म्हणजे?"

"प्रवेश सुरू झाला की हसत सूट. आवरतच नाही असं दाखव. हसलेला तुकडा त्यांना वापरता येत नाही, पुन्हा घ्यावा लागतो. पुन्हा हस. दहा वाजले की विजेवाले दिवे घालवतात, कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्यांची संघटनाच तशी आहे. दहापर्यंत रेट. मीही हसतो तुझ्याबरोबर."

मी हसलो. पोट धरून हसलो, गुडघ्यांवर पडून हसलो, डोळ्यांतून पाणी काढलं. रेगने ब्रश उचलला रे उचलला की मी सुटायचो. दिग्दर्शकाचा तिळपापड झाला. रेग मात्र हसला नाही. ब्रश हातात धरून गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. मला वाटलं, हा नट मोठा आहे, संशय येऊ नये म्हणून चेहरा सांभाळतोय. दहा वाजले, दिवे गेले आणि तो प्रवेश कधीच दाखवला गेला नाही. अंधारात आयोनीबाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम. आयोनीबाई गेल्या. आता ते ठाऊक असलेला माणूस जगात एकच उरला होता.

म्हणून मी मार्व्हाला गळ घातली.

"मला ते बघायचं नाही, डॅडी."

"बघू नकोस. शेवटी ये. रेग बोलेल तेवढं ऐक. माझ्या तोंडचं तू मानत नाहीस, त्याच्या तोंडून ऐक."

"आणि नाही बोलला तर?"

"रेग? अगं, तुझ्या बाप्तिस्म्याला तुला मांडीवर घेऊन बसला होता तो. तू त्याचा नवा सूट भिजवलास तरी हलला नाही."

"बरं. येते," ती म्हणाली. तिने हो म्हटलं याचाच मला इतका आनंद झाला की मी बूट पॉलिश करायला बसलो.

शनिवारी दुपारी थिएटर भरलेलं होतं. बहुतेक तरुण मंडळी, कापडी पिशव्या घेतलेली, चेहऱ्यावर अंत्ययात्रेला आल्यासारखा भाव. कार्यक्रमाचं नाव होतं 'तेव्हा आपण का हसलो?' मालिकेचा एक भाग दाखवला. एकही माणूस हसला नाही. खरं सांगतो, मलाच दोन ठिकाणी हसू येत होतं, कारण साबण उडाला की पळणारा रेग फार विनोदी दिसायचा. पण मी ते गिळलं. मार्व्हा मागच्या दाराने येऊन कडेला बसलेली मला दिसली.

मग आम्हाला स्टेजवर नेलं. प्रश्न विचारायला इमोजेन नावाची प्राध्यापक होती, गोड बोलणारी, पण चेहऱ्यावर सारखी काळजी. ती म्हणाली, "आता आपण एक कधीही न दाखवलेला तुकडा पाहणार आहोत. टेपवाली मंडळी दर नाताळला चुकलेल्या तुकड्यांची एक टेप आपापसात बघायला जोडायची. त्यातली ही एक. मिस्टर टिपेट यांनी ती आपल्या माळ्यावरून शोधून दिली."

मी रेगकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

पडद्यावर आयोनीबाई स्टुलावर बसल्या होत्या. रेग ब्रश घेऊन उभा, चेहरा दगडासारखा. आणि मी हसतोय. पुन्हा हसतोय. जमिनीवर लोळून हसतोय. टेपवाल्यांनी माझी सगळी हसणी एकापुढे एक जोडली होती. थिएटरात कोणीतरी "अरे देवा" म्हटलं.

रेगने माईक घेतला. "माझा चेहरा बघा," तो म्हणाला. "मला तेव्हाही ते पटत नव्हतं. पण माझा मित्र हसत होता. मला वाटलं, त्याला चालतंय तर मी कोण नको म्हणणारा? मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. मला लाज वाटते." आणि तो रडला. रडणं खरं होतं, तेवढं मला ओळखता येतं.

मी म्हणालो, "रेग, मी का हसत होतो ते सांग ना."

त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आपण पोरं होतो रे, एव्हरार्ड."

"मी मुद्दाम हसत होतो," मी लोकांना म्हणालो. "प्रवेश वाया जावा म्हणून. यानेच मला सुचवलं होतं. दहाला दिवे जायचे..."

लोकांनी ऐकलं. कोणी उलट बोललं नाही. मान मात्र सगळ्यांनी अशी हलवली, जशी आजारी माणसाच्या बोलण्यावर हलवतात. इमोजेन हळुवारपणे म्हणाली, "असं हसणं हेच तर जिवंत राहण्याचं साधन असतं. आणि पुढे त्या हसण्याला आपण अर्थही देतो. सांगितल्याबद्दल धन्यवाद." माझं हसणं तिने मलाच समजावून दिलं! मग तिने रेगच्या धैर्याचं कौतुक केलं आणि लोक उठून उभे राहिले. त्याच्यासाठी. तेव्हाही टाळ्या त्यालाच मिळाल्या होत्या, आताही त्यालाच. रेगने मला मिठी मारली. हजारभर डोळ्यांसमोर म्हाताऱ्याला ढकलून देता येत नाही.

आतल्या खोलीत चहा आणि अंड्याचे सँडविच ठेवले होते. मी दार लोटलं. "विसरलास का रे तू?"

"नाही," रेग म्हणाला.

"मग?"

तो खुर्चीत बसला. "तू मुद्दाम हसलास म्हटलं, तर ते वाईट आहे हे मला माहीत होतं असं ठरतं. माहीत असून मी वर्षानुवर्षं तो टॉवेल धरला असं ठरतं. तू नुसताच हसलास म्हटलं, तर मी अडाणी होतो, एवढंच. अडाण्याला लोक माफ करतात, एव्हरार्ड. माझी नात आली होती आज. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलली. मला आजोबा म्हणाली."

"माझी मुलगी आली होती."

"तुला कोणी दोष देत नाहीये. सगळे तुझ्याच बाजूचे आहेत. तुझं काय गेलं?"

केसाने गळा कापून हा मलाच विचारत होता, दुखलं का. "एकदाच लढलो होतो मी," मी म्हणालो. "ते एक होतं माझ्याकडे. तेसुद्धा तू स्वतःच्या माफीसाठी खर्च केलंस."

तेवढ्यात दार वाजलं आणि मार्व्हा आत आली. मी म्हणालो, "मार्व्हा, याला विचार. आत्ता माझ्यासमोर कबूल केलंय त्याने. विचार, मी का हसलो."

रेगने डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहून साळसूदपणे हसला. "तुझा बाप म्हणजे ना पोरी, एकदा सुटला की थांबायचा नाही."

मार्व्हाने त्याचा हात हातात घेतला. "तुम्ही बोललात, मिस्टर टिपेट. बरं झालं. मला हे कोणाकडून तरी ऐकायचं होतं."

गाडीत मी तिला सगळं सांगितलं. खोलीत तो काय म्हणाला ते शब्द न् शब्द सांगितलं. नातीचं, अडाण्याचं, सगळं. ती समोर बघून गाडी चालवत होती. पूल आला तेव्हा आमच्या पुढे वाहनांची रांग लागली होती. तिने गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. दमलेली होती.

"डॅडी, त्याने निदान रडून सांगितलं," ती म्हणाली. "तू आज स्टेजवर ते मुद्दाम हसल्याचं सांगत होतास ना, तेव्हाही हसत होतास."

"मी? मी कुठे हसत होतो?"

"आत्ताही हसतोयस."

मी हात वर नेऊन तोंड चाचपलं. ती म्हणत होती ते खरं होतं.