पाव आत असेपर्यंत

नवऱ्यापासून वेगळं होताना पाववालीने एकच वस्तू मागून घेतली: दगडी तळाचा जुना विजेचा ओव्हन. तिने ज्या इमारतीत तळमजल्यावर खोली घेतली ती पूर्वी गोदाम होती. नुकत्याच खोल्या पाडलेल्या, भाडेकरू झाडून सगळे नवे. विजेची मुख्य लाइन मात्र सगळ्यांत मिळून एकच, तीही गोदामाच्या काळातली.

पहिल्याच पहाटे इकडे ओव्हन तापला, वर नर्सबाईंनी गीझर लावला आणि फट्! फ्यूज उडाला, अख्खी इमारत अंधारात. अर्धवट भाजलेले पाव बसले ते बसलेच. तिच्याकडून रोजचे पाव घेणाऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनवाल्याने त्यातला एक दाबून पाहिला.

"बाई, हा पाव आहे की पेपरवेट? परत असं झालं तर मी दुसरीकडे बघेन."

कॅन्टीन गेलं असतं तर पुन्हा भावाकडे जावं लागलं असतं, वहिनीचं "असू दे, राहा की" रोज ऐकत. त्यातलं 'असू दे' फार टोचायचं.

दुसऱ्या पहाटे तिने जीव मुठीत धरून बटण दाबलं. दिवे टिकले. पुढेही टिकत राहिले.

"वायरला माझी दया आली बघा," ती वर राहणाऱ्या ड्रायव्हरकाकांना म्हणाली. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले काका मिशीत हसले.

"येते हो. वायरलाही येते कधीकधी."

एका सकाळी, पाव आत असतानाच, वर वाळत टाकलेली टोपली आणायला ती जिना चढली. मेन स्विचखाली खुर्ची टाकून काका शाल गुंडाळून बसले होते. न्हाणीघरातून नर्सबाई ओरडल्या,

"आई गं! काका, बर्फ आहे हो हा!"

"नुसते हातपाय धू. गीझर नाही लावायचा, पाव आत आहेत. इस्त्रीवाल्यालाही थांबवलंय."

"रात्रभर पेशंटची ओरड ऐकायची आणि सकाळी स्वतःची!"

"ओरड, पण हळू. खाली कळेल."

पाववालीला गलबलून आलं. "काका, मला सांगायचं तरी! मी दुपारी भाजत जाईन."

काका दचकले, मग डाफरले, "म्हणजे कामगारांनी नाश्ता संध्याकाळी करायचा? खाली पळ आधी. पाव करपले तर आमच्या आंघोळी फुकट जातील!"

पाव छान फुगून निघाले. ओव्हन बंद केला तरी त्याचा दगड बराच वेळ धगधगत राहायचा. आजवर ती धग वाया जात होती. तिने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं पाण्याने भरून आत सरकवलं.

वाफाळतं पातेलं तिने आणि काकांनी मिळून वर नेलं. पातेल्याच्या झाकणावर दोन ताजे पाव होते.

नर्सबाईंनी दार उघडलं. "पाव राहू दे गं, आधी पाणी!"

"आणि इस्त्रीवाला विचारतोय," काका म्हणाले, "त्या दगडावर शर्ट ठेवला तर कडक निघेल का?"